शराफियाच्या शेजारचं कब्रस्तान आणि तिथली रीत

युरोप-अमेरिकेत स्वतःला चेटूकविद्येचे साधक म्हणवणारी मंडळी कब्रस्तानात कसं वागावं याचे नियम काटेकोरपणे पाळतात. फाटकाशी थांबून परवानगी मागायची, कबरीवर पाय द्यायचा नाही, चिमूटभर माती उचलली तर तिचा मोबदला ठेवायचा. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीयांत रुजलेल्या हूडू परंपरेत तर कबरीची माती नाणं ठेवून किंवा दारू शिंपडून रीतसर विकत घेतात. आपल्याकडेही भगताने सांगितलं म्हणून अमावास्येला मसणातली राख आणायला निघालेल्या माणसांच्या गोष्टी गावोगाव ऐकू येतात. या साऱ्या रीतींच्या मुळाशी एकच समजूत आहे. मेलेल्या माणसापाशी काहीतरी शक्ती उरलेली असते आणि नीट वागलं तर ती आपल्याला मिळते.

जेद्दाच्या शराफिया भागात राहणाऱ्या माणसाने ही समजूत दाराबाहेर ठेवूनच कब्रस्तानात जावं. तिथली रीत याच्या अगदी उलट्या पायावर उभी आहे: मयताकडे काही मागायचं नाही, मागायचं ते मयतासाठी. हे एकदा ध्यानात आलं की तिथले बाकीचे नियम, आपल्याला कोरडे किंवा कठोर वाटणारेसुद्धा, आपोआप समजतात. आणि ध्यानात आलं नाही तर साध्या भाबडेपणापायी माणूस मोठ्या संकटात सापडू शकतो.

शराफिया म्हणजे जेद्दाच्या जुन्या शहराच्या, बलदच्या, उत्तरेला असलेली गजबजलेली वस्ती. केरळी खाणावळी, दवाखाने, पैसे पाठवण्याची दुकानं, तिकिटांची कार्यालयं. मल्याळी माणसांचा इथे सर्वांत मोठा भरणा. पण हैदराबादी, उत्तर भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी आणि आपले रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान, मराठवाड्यातले लोकही याच गल्ल्यांतून वावरतात. कोकणाचं आणि जेद्दाचं नातं जुनं आहे. मुंबईहून हाजी घेऊन निघणाऱ्या मोगल लाइनच्या बोटी इथेच लागत, त्या बोटींवर कोकणातले खलाशी असत, आणि ही समुद्रवाट १९९५ मध्ये बंद होईपर्यंत आपल्याकडच्या कित्येकांनी अरबस्तानाची पहिली जमीन पाहिली ती हीच.

याच मध्यवर्ती भागात, शराफियापासून थोड्या अंतरावर, अल-अम्मारिया वस्तीत एक भिंतीआडचं कब्रस्तान आहे. त्याचं नाव मकबरा उम्मना हव्वा, म्हणजे आपली आई हव्वा हिचं कब्रस्तान. आदमची जोडीदार हव्वा इथे पुरलेली आहे असं शेकडो वर्षं लोक मानत आले. ११८३ मध्ये इथे आलेला अंदलुसी प्रवासी इब्न जुबैर याने जेद्दात हव्वेच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या एका जुन्या उंच घुमटाची नोंद केली आहे. १८५३ मध्ये वेष पालटून हजला आलेल्या रिचर्ड बर्टनने कबर पावलांनी मोजली: डोक्यापासून कमरेपर्यंत १२० पावलं, कमरेपासून टाचेपर्यंत ८०. एवढ्या लांब कबरीच्या मधोमध, नाभीच्या जागी, एक घुमटीवजा बांधकाम होतं. हजहून परतणारे लोक तिथे थांबत, दुआ मागत, नजराणे ठेवत. मूल व्हावं, घर सांभाळलं जावं, प्रवास सुखाचा व्हावा, अशीच ती मागणी असणार. आईकडे माणूस आणखी काय मागतो?

१९२५ च्या डिसेंबरात जेद्दा अब्दुल अजीज इब्न सौद यांच्या हाती आलं आणि हे सगळं पालटलं. मदिनेच्या बकी कब्रस्तानातले घुमट त्याच सुमारास पाडले गेले. १९२८ मध्ये हिजाजचा कारभार पाहणारे अमीर फैसल, म्हणजे पुढचे राजे फैसल, यांच्या काळात हव्वेच्या कबरीवरचं बांधकामही जमीनदोस्त झालं. तरी लोक येत राहिले. शेवटी १९७५ मध्ये धर्मखात्याने ती जागा काँक्रीट ओतून बंद केली. आज भिंतीआड दिसतात त्या सपाट, बिननावाच्या कबरींच्या रांगा.

हे पाडणं मला दुखतं, हे सांगितलंच पाहिजे. इतक्या शतकांच्या माणसांचा भाव जिथे साचला होता ती वास्तू इतिहास म्हणून तरी उरायला हवी होती. पण पाडणाऱ्यांचा विचार काय होता तो समजून घेतल्याशिवाय आजच्या फाटकातून आत जाता येत नाही. त्यांच्या लेखी अल्लाहखेरीज कुणाकडेही, नबीकडे, वलीकडे किंवा मेलेल्या आईकडेही गाऱ्हाणं घालणं हा शिर्क, म्हणजे सर्वांत मोठं पाप. कबर उंच झाली, तिच्यावर छप्पर आलं, दिवा लागला, की माणूस तिथे मागायला लागतो. म्हणून कबर उंच करायचीच नाही, हा त्यांचा उपाय. नियम राजालाही तोच. २०१५ च्या जानेवारीत राजे अब्दुल्ला वारले, तेव्हा त्यांना रियाधच्या अल-ऊद कब्रस्तानात साध्या कापडात गुंडाळून, नाव नसलेल्या कबरीत ठेवण्यात आलं.

आता प्रत्यक्ष काय होतं ते क्रमाने पाहू.

मयतीला नहाण घालतात, त्याला गुसल म्हणतात. पाण्यात बोरीच्या जातीच्या सिद्र झाडाचा पाला मिसळतात, शेवटच्या पाण्यात कापूर. पाणी तीन, पाच अशा विषम वेळा घालायचं. पुरुषाला तीन कापडांचं कफन, बाईला पाच. हे सगळं आपल्याकडच्यासारखंच. गुसल घालणाऱ्यांनी मयतीच्या अंगावर जे दिसलं ते बाहेर बोलायचं नाही, हा त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम.

जनाजा मशिदीत आणतात, बहुधा एखाद्या फर्ज, म्हणजे रोजच्या सक्तीच्या, नमाजेच्या वेळी. फर्ज संपली की मयतीच्या नमाजेची हाक होते आणि मयत पुरुषाची आहे, बाईची की मुलाची, तेही सांगतात, कारण दुआतले शब्द त्याप्रमाणे बदलतात. ही नमाज उभ्यानेच होते. चार तकबिरी, ना रुकू ना सजदा. समोर मयत असताना जमिनीला कपाळ लावायचंच नाही, म्हणजे सजदा मयतीला केला असा भास कुणाला व्हायला नको. अनेक मौलवी याचं कारण असंच समजावतात. ओळख नसलेली माणसंही थांबून नमाज पढतात. नमाजेला थांबलेल्याला एक किरात पुण्य, दफन होईपर्यंत थांबलेल्याला दोन, आणि एक किरात म्हणजे उहुद डोंगराएवढं, अशी हदीस आहे. म्हणून परक्या मुलखात एकट्या वारलेल्या मजुराच्या जनाज्यालाही खांदे कमी पडत नाहीत. नातेवाइकांची ऐपत आणि परवानगी असली तर काही जण मयत मक्केला नेतात, हरमच्या मशिदीत नमाज व्हावी म्हणून. तिथे जवळपास प्रत्येक फर्जनंतर जनाज्याची नमाज असतेच.

कब्रस्तानात जाताना घाई करायची, पण धावायचं नाही. मोठ्याने कलमा म्हणत जाण्याची आपल्या गावची पद्धत इथे नाही. लोक गप्प चालतात. कबर शक्यतो लहद पद्धतीची असते: खड्ड्याच्या तळाशी किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, बाजूला आत कोनाडा खणतात, मयत त्यात उजव्या कुशीवर किब्ल्याकडे तोंड करून ठेवतात आणि कोनाडा कच्च्या विटांनी बंद करतात. इथे कोकणातला माणूस क्षणभर गोंधळतो. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला, म्हणून मयतीचं डोकं उत्तरेला. जेद्दा मक्केच्या पश्चिमेला, त्यामुळे इथे तोंड पूर्वेकडे आणि डोकं दक्षिणेला. बर्टनने हव्वेची कबर पाहिली तीही अशीच होती, डोकं दक्षिणेकडे, पाय उत्तरेकडे. कुणी चुकीचं ठेवतोय असं समजून मध्ये बोलू नये.

माती लोटायच्या आधी जमलेले लोक तीन-तीन ओंजळी माती टाकतात. मातीचा उंचवटा वीतभर, डोक्याशी एखादा न घडवलेला दगड, वर थोडं पाणी शिंपडलेलं. मग सगळे तिथेच थोडा वेळ उभे राहून मयतीसाठी माफी मागतात, कारण कबरीतल्या सवाल-जवाबाची वेळ तीच मानली आहे. दफनानंतर घरचे लोक एका बाजूला रांगेने उभे राहतात आणि बाकीचे हात मिळवून सांत्वनाचे शब्द म्हणत पुढे सरकतात. अरबी येत नसलं तरी 'अज्जमल्लाहु अज्रकुम' एवढं पाठ असावं. अल्लाह तुमच्या सब्राचं फळ मोठं करो, असा त्याचा आशय.

पुढे कधी जियारतीला, म्हणजे कबरीच्या भेटीला, गेलात तर फाटकाशी परवानगी मागायची नसते, सलाम करायचा असतो. इथे राहणाऱ्या मोमिनांनो तुमच्यावर शांती असो, आम्हीही तुम्हाला येऊन मिळणार आहोत, अशा अर्थाची दुआ नबींनी शिकवली आहे. नबींनी आधी कबरींना भेट देणं मना केलं होतं, मग परवानगी दिली, आणि तिचं कारण सांगितलं की त्याने आखिरत, म्हणजे मरणानंतरचं जग, आठवते. म्हणजे जियारतीचा हेतूच जिवंत माणसाला स्वतःचं मरण आठवावं हा. कबरींवरून चालायचं नाही, बसायचं नाही. कबरीवर बसण्यापेक्षा निखाऱ्यावर बसणं बरं, इतक्या कडक शब्दांत ते मना केलं आहे. रांगांमधून जाताना चपला काढाव्यात असंही एका हदिशीवरून सांगतात. पण जेद्दाच्या उन्हात तापलेल्या वाळूवर तेच उलेमा चपलांची सवलत देतात. कबरीकडे तोंड करून नमाज पढायची नाही. मयतीचं हाड मोडणं हे जिवंताचं हाड मोडण्यासारखं आहे, ही हदीस कबर खणणाऱ्याइतकीच तिथे पाय ठेवणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. फोटो काढू नयेत. बायकांना सौदीत कब्रस्तानात सोडत नाहीत. मशिदीत जनाज्याची नमाज त्या पढू शकतात. आईची कबर लेकीला पाहता येऊ नये हे फार जड आहे, आणि दुसऱ्या मुस्लिम देशांत याबाबत वेगळी मतं आहेत. पण फाटकावर वाद घालून काही साधत नाही, उलट सोबतच्या पुरुषांची अडचण होते.

आपल्या माणसाची खरी कुचंबणा पुढे होते. कोकणात कबरीवर सब्ज्याच्या काड्या आणि गुलाबाच्या पाकळ्या ठेवतो, अगरबत्ती लावतो, शबे-बरातला रात्री कब्रस्तान उजळतो, चाळिसावा करतो, यासीन पढतो. हे प्रेमाने केलेलं असतं, आणि कोकणातल्या शाफई परंपरेत मयतीला दफनानंतर कलम्याची आठवण करून देणाऱ्या तलकीनलाही जागा आहे. जुन्या हिजाजलाही ही परंपरा परकी नव्हती. बलदमधली जुनी मशीद आजही इमाम शाफई यांच्याच नावाने ओळखली जाते. पण आजच्या सौदी उलेमांच्या मते फूल, अगरबत्ती, दिवा हे सगळं बिदत, म्हणजे नबींनंतर घुसडलेलं. नबींनी दोन कबरींवर खजुराची ओली फांदी रोवली होती हे ते मान्य करतात, पण ती त्यांच्यापुरती होती असं म्हणतात. तेव्हा पिशवीत सब्जा घेऊन जाऊ नका. प्रेम कमी पडेल अशी भीती वाटू देऊ नका. मयतीच्या नावाने सदका द्या, कुणाला पाण्याची सोय करून द्या, त्याचं कर्ज असेल तर फेडा. कर्ज फेडणं तर सगळ्यात आधी. याबाबत मुंबई, श्रीवर्धन आणि जेद्दा यांच्यात काडीचाही मतभेद नाही.

आता जादूटोण्याचं. सौदीत सिह्र, म्हणजे जादू करणं, हा धर्म सोडण्याइतका गंभीर गुन्हा धरला जातो. त्याची व्याख्या कायद्याच्या पुस्तकात कलमवार लिहिलेली नाही. न्यायाधीश शरियतच्या आधारे ठरवतो, आणि धोका तिथेच आहे. २००७ मध्ये अरार शहरात औषधाचं दुकान सांभाळणाऱ्या एका इजिप्शियन माणसाला जादूच्या आरोपावरून मृत्युदंड दिला गेला. २०११ मध्ये मदिनेत एका सुदानी माणसाचा शिरच्छेद झाला. वेष पालटलेल्या धर्मपोलिसाने त्याच्याकडे मंत्रतोडगा मागितला होता आणि त्यावरून तो पकडला गेला होता. त्याच वर्षी डिसेंबरात अल-जौफ प्रांतात एका बाईला हीच शिक्षा झाली. लेबनॉनच्या वाहिनीवर भविष्य सांगणारा अली हुसेन सिबात २००८ मध्ये मदिनेला आला असताना पकडला गेला. त्याला मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली, पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली नाही. धर्मपोलिसांनी २००९ मध्ये जादूविरोधी खास पथकही उभं केलं. २०१६ मध्ये त्यांचा अटकेचा अधिकार काढून घेतला गेला. गुन्हा मात्र गुन्हाच राहिला.

माझ्या मते जादूच्या आरोपावरून माणसाचा जीव घेणं हा अन्याय आहे. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला, त्याच महिन्यात महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि डिसेंबरात कायदा केला. तो कायदा वेगळ्या वाटेने जातो: जादू खरी की खोटी यात पडत नाही, अघोरी उपायांनी कुणाला इजा केली, लुबाडलं, कुणा बाईला चेटकीण ठरवून छळलं, तर सहा महिने ते सात वर्षं कैद. म्हणजे मंत्र पुटपुटणाऱ्याऐवजी छळणारा सापडतो. मला ही वाट माणुसकीची वाटते. पण जेद्दात राहणाऱ्याला जेद्दाचाच कायदा लागू, आणि त्यात सर्वांत आधी भरडले जातात ते घरकामाच्या बाया आणि ड्रायव्हर. मालकीण आजारी पडली, नवरा-बायकोचं बिनसलं, आणि नोकराच्या पेटीत चिठ्ठी निघाली की संशय पक्का.

म्हणून घरच्यांनी प्रेमाने बांधून दिलेला तावीज, दोऱ्याच्या गाठी, आकड्यांचे कोष्टक लिहिलेला कागद, लिंबू-बिब्बा, अंगारा यांतलं काहीही सामानात नेऊ नका. कुराणच्या आयती लिहिलेला तावीजही सौदी उलेमांपैकी बहुतेक नाजायज मानतात. आयत वाचायची असेल तर पाठ म्हणावी. मालकाच्या घरातल्या कुणाचा फोटो, केस, जुना कपडा आपल्या सामानात ठेवू नये, आठवण म्हणूनसुद्धा नाही. 'रुसलेला माणूस वश करतो' अशी फोनवर जाहिरात करणाऱ्या आमिल-बाबांना उत्तरही देऊ नये. आणि कबरीची माती तर अजिबात उचलू नये, गावच्या मातीत मिसळायला म्हणूनही नाही. बापाच्या कबरीची चिमूटभर माती आईला नेऊन द्यावी असं एखाद्याला वाटेल, पण पहारेकऱ्याला ते कळणार कसं? अल्जेरिया, इजिप्तमध्ये तरुण मंडळी कब्रस्तानं साफ करायला निघतात आणि कबरींत पुरलेले फोटो, कुलपं, लिहिलेल्या चिंध्या उकरून काढतात. त्यामुळे कबरीजवळ वाकून काही उचलणाऱ्या वा पुरणाऱ्या माणसाकडे अरबी नजर लगेच वळते. असं काही पुरलेलं तुम्हाला दिसलं तर हात लावू नका, उघडून पाहू नका, पहारेकऱ्याला सांगा. तिथले लोक त्यावर कुराण पढून, पाण्यात भिजवून ते नष्ट करतात.

मयत मुसलमानाची नसेल तर वाट निराळी. जेद्दात बिगरमुस्लिमांचं एक छोटं कब्रस्तान आहे, स्थानिक लोक त्याला ख्वाजांचं, म्हणजे परदेशी लोकांचं, म्हणतात. १८८४ मध्ये मारला गेलेला फ्रेंच प्रवासी शार्ल ह्युबेर तिथे आहे. ११ नोव्हेंबर २०२० रोजी तिथल्या महायुद्ध स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात स्फोट झाला होता. हिंदू मयतीसाठी दहनाची सोय सौदीत नाही, त्यामुळे देह भारतातच पाठवावा लागतो, आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात.

मयत मुसलमानाची असो वा नसो, कागद जवळपास तेच. रुग्णालयाचा मृत्यू अहवाल, पोलिसांची हरकत नसल्याचा कागद, आणि घरच्या वारसांचं संमतीपत्र: देह इथे दफन करायचा की पाठवायचा आणि तो कुणाच्या ताब्यात द्यायचा, हे त्यात स्पष्ट नावानिशी हवं. बहुतेक वेळ इथेच जातो, कारण गावात बसलेल्या भावंडांचं एकमत होत नाही. भारतीय वाणिज्य दूतावास मृत्यूची नोंद करतो, पासपोर्ट रद्द करतो आणि ना हरकत पत्र देतो. नागरी नोंदणी कार्यालयातून मृत्यूचा दाखला निघतो. देह पाठवायचा असेल तर लेप लावल्याचा दाखला लागतो आणि भारतीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२३ मध्ये सुरू झालेल्या ई-केअर पोर्टलवर अर्ज करावा लागतो. कुणाची ऐपत नसेल तर २००९ पासून चालणाऱ्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते. या धावपळीत केएमसीसीसारख्या केरळी संघटनांचे कार्यकर्ते भाषा-जात न पाहता मदत करतात. मराठी माणसाने संकोच न धरता त्यांना फोन करावा.

अरबी दाखल्याचं भाषांतर आणि साक्षांकन वेळीच करून घ्यावं, विमा आणि वारसाहक्काला तेच लागतं. कबरीवर नाव नसल्यामुळे दफनाच्या दिवशीच रांग आणि क्रमांक कागदावर लिहून घरच्यांना कळवावं. काही वर्षांनी त्याच जागी दुसरं दफन होऊ शकतं, हेही त्यांना आधीच सांगावं, म्हणजे पुढे उमरा करायला आलेला मुलगा कबर शोधत हिंडणार नाही. आणि गावात नमाज व्हावी अशी इच्छा असेल तर शाफई मतात दूरच्या मयतीचीही नमाज पढता येते. अबिसीनियाच्या नजाशी राजासाठी नबींनी मदिनेत ती पढली होती, हा त्याचा आधार. त्यामुळे जेद्दात दफन झालेल्या माणसाची नमाज दापोलीच्या मशिदीतही होऊ शकते. हनफी घरांनी मात्र आपल्या मौलवींना विचारून घ्यावं, त्यांच्या मतात ही नमाज नाही.